वाफा ‘ब’ला हात लावणाऱ्यांबद्दल

शाळेची खोली, जव्हार–मोखाडा रस्ता
रविवार, ७ डिसेंबर

चि. वामन यास ताईचा आशीर्वाद.

पत्राचे कारण आधी सांगते, खुशाली नंतर विचारते. नववीतल्या हर्षदा नावाच्या मुलीने तिच्या विज्ञान प्रकल्पाच्या वहीत ‘प्रयोगात ढवळाढवळ केलेल्या व्यक्ती’ अशी यादी केली आहे, तीत माझे नाव आहे, नावापुढे ‘अठरा मिनिटे’ असे लिहिले आहे, आणि शुक्रवारी मी त्यापुढे सही केली. चौतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्तीला सहा महिने उरले असताना असे कागदावर येणे बरे नाही. पण ते खरे आहे, म्हणून काही बोलता येत नाही.

आता खुशाली. तुझी साखर किती आहे? ‘बरी आहे’ असे कळवू नकोस, आकडा कळव. वर्षाला सांग की तिने पाठवलेला स्वेटर मला होतो, रंग आवडला नाही, पण घालते. इकडे थंडी चांगली पडली आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे (गुडघा सोडून, त्याची चौकशी करू नये). फोन का केला नाही, असे म्हणशील. फोनवर तू ‘बघतो ताई’ म्हणतोस आणि मग काहीच बघत नाहीस. कागद समोर असला की माणसाला तो निदान बाजूला तरी ठेवावा लागतो.

हर्षदाचा प्रकल्प तुला ठाऊक आहे, पण अर्धाच. सुरुवात तुझ्यापासून झाली. मागच्या मार्चमध्ये तू आम्हाला तुझ्या त्या घडीपत्रिकेचा गठ्ठा दिलास, ‘राब टाळा, रान वाचवा’. मी ती वर्गात वाचून दाखवली. हर्षदा मागच्या बाकावरून उठली आणि म्हणाली, “बाई, हे करून बघितलंय का कुणी?” मी म्हटले, सरकारी माणसाने लिहिले आहे म्हणजे बघितलेच असणार. ती म्हणाली, “मग आपण पण बघू.” तिथेच मी सावध व्हायला हवे होते. पण आपल्या शाळेत गेली कित्येक वर्षे मुलांनी स्वतःहून काही बघू म्हटलेले मी ऐकले नव्हते, त्यामुळे मला भरून आले आणि मी हो म्हटले.

कारण आमचे प्रकल्प कसे असतात ते तुला सांगायला हवे. दर वर्षी एक ज्वालामुखी असतो. मातीचा डोंगर, आत सोडा, वरून व्हिनेगर, त्यात लाल रंग. एका साली लाल रंग मिळाला नाही तेव्हा हिरवा घातला आणि प्रमुख पाहुण्यांनी त्याला भातशेतीचे प्रतीक म्हणून बक्षीस दिले. मग एक जलशुद्धीकरण असते: वाळू, कोळसा, खडे, आणि खालून येणारे पाणी वरच्या पाण्यापेक्षा काळे. हाताने करून शिकायचे म्हणजे हाताने थर्माकोल कापायचा, असा सगळ्यांचा समज. आणि शेवटी ‘विद्यार्थ्याचे मनोगत’ जोडावे लागते. ते शाळेच्या संगणकात तयार आहे. ‘या प्रकल्पामुळे माझ्यात वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण झाला. प्रकल्प करताना मला अतिशय आनंद झाला. असे उपक्रम वारंवार व्हावेत.’ नाव बदलायचे, छापायचे. (दोन वर्षांपूर्वी गांडूळखताच्या प्रकल्पाला सौरचुलीचे मनोगत गेले. ‘मी केलेल्या साधनात आता घरी भात शिजतो’ हे वाक्य कुणालाही खटकले नाही.) ते मनोगत कुणी लिहिले असे विचारशील तर मीच लिहिले, एका दुपारी, पंचवीस मिनिटांत, आणि तेव्हा मला ते चांगले वाटले होते.

असो. हर्षदाने एप्रिलमध्ये शाळेच्या आवारात दोन वाफे आखले, प्रत्येकी खाटेएवढा. राब म्हणजे काय हे तिने वहीत बाहेरच्या परीक्षकांसाठी लिहिले आहे, ते मला इतके आवडले की तसेच उतरवते: ‘रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या डहाळ्या यांचे थर घालून वर माती टाकून भाजतात. त्याने जमिनीतले गवताचे बी मरते. मग नागली (नाचणी) पेरली की फक्त नागली उगवते. डहाळ्या तोडाव्या लागतात म्हणून रान कमी होते.’ चार ओळी. तुझ्या घडीपत्रिकेला चार पाने लागली होती. वाफा ‘अ’ तिने आणि तिच्या बापाने, रघूने, मिळून भाजला. त्याला सगळे धरून एकशे दहा मिनिटे लागली, हे तिने लिहून ठेवले. वाफा ‘ब’ला काही केले नाही. जूनमध्ये दोन्हीत सारखी नागली पेरली आणि प्रत्येकाच्या डोक्याशी पाटी लावली, तिच्या नावाची. वीतभर लांबीरुंदीची बांबूची चौकट केली. ती रोज सकाळी वाफ्यावर ठेवायची आणि आत रोपे किती, तण किती, ते मोजायचे. मी शाळेत परिपाठाला जाहीर केले की दोन्ही वाफ्यांना कोणीही हात लावायचा नाही. तणाला तर मुळीच नाही.

इथे माझी चूक झाली. जागा निवडताना मी उजेड बघितला, पाणी बघितले, उतार बघितला, माणसे बघितली नाहीत. वाफे होते हातपंपाच्या वाटेवर. आणि तुला आपल्याकडची माणसे माहीत आहेत. यांना तू वाटेत पैशाचे पाकीट ठेव, बाजूने जातील. पण रोपात तण उभे आहे आणि माणूस नुसता बघत पुढे गेला, हे होत नाही. ते हात लावत नाहीत, त्यांचा हात जातो.

पहिल्या आठवड्यात ‘ब’च्या चौकटीत एकेचाळीस तण. दुसऱ्या आठवड्यात तेवीस. मग नऊ. हर्षदा माझ्याकडे आली. तण वाढायला पाहिजे, कमी कसे होते? मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. मी तिला स्पर्धा, सावली, मुळांचे स्राव यांवर अर्धा तास समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाई, मातीत बोटं उमटलीत.”

मग तिने तपास सुरू केला. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. एकेकाजवळ जाऊन बसायची आणि विचारायची, तुम्ही वाफ्यातलं गवत काढलं का, किती वेळ. पहिली सापडली स्वयंपाकघरातली सपना. रोज भात चुलीवर ठेवून ती तिथे येऊन बसे. “हात मोकळा ऱ्हात नाही गं पोरी, भात शिजंपर्यंत काय करू?” एकूण पंचाण्णव मिनिटे. मग शिपाई पुंजा. त्याचे म्हणणे, साहेब तपासणीला येणार, आवारात गवत दिसले तर ओरडा कुणाला बसतो? प्रयोगाला बसतो का? पुंजालाच बसतो. चाळीस मिनिटे. पाणी न्यायला येणाऱ्या दोघी. जव्हारहून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, कारण गाडी परत निघायला पंधरा मिनिटे होती. आमचा लेखनिक पंढरी, ज्याला वाटले की आपल्याला कुणी बघितले नाही. वाफ्यावर पहारा करायला नेमलेला वर्गप्रमुख तुषार, त्याची पस्तीस मिनिटे; पहारा करायचा म्हणजे तिथे बसायचे, आणि बसले की गवत हाताशीच. मुख्याध्यापक कमलेश सर, बारा मिनिटे, तेही पुंजाला ‘तिथे हात लावू नकोस’ असे सांगत सांगत.

आणि हर्षदाची आजी, माघी. ती बाजाराच्या दिवशी नातीला बघायला आली, वाफा ‘ब’ समोर उभी राहिली, आणि मला बोलावून घेतले. (बोलावून. मला.) “बाई, माझ्या नातीचं नाव लावलंय पाटीवर, आन खाली तण माजवलाय? रस्त्यानं जाणारा काय म्हणल? त्यांच्या घरात माणसं उरली नाहीत म्हणल.” मी तिला सांगू लागले की हा प्रयोग आहे, हे मुद्दाम आहे. ती बसली होती तशीच हात चालवत म्हणाली, “मुद्दाम कुणी वंगाळ शेती करतं व्हय? मग शाळेत कशाला पाठवायचं, तशी तर घरी पण येती.” पन्नास मिनिटे. मी थांबवू शकले असते. मी थांबवले नाही, कारण तिने मध्येच विचारले, तुमच्या बापाचं शेत कुठं व्हतं, आणि मी सांगत बसले.

आता माझे. मी कार्डाच्या जाड कागदावर ठळक अक्षरात लिहिले, ‘प्रयोग चालू आहे. हात लावू नये.’ दुपारी ती पाटी बांधायला गेले. दोरी बांधायला वाकले. वामन, वाकलेल्या माणसाला जे दिसते ते उभ्या माणसाला दिसत नाही. दोरीच्या अगदी खाली एक तण होते, तेवढे काढले, कारण ते गाठीत अडकत होते. त्याच्या शेजारी दुसरे होते. भान आले तेव्हा माझ्या हातात मूठभर गवत होते आणि लांबून कमलेश सर येत होते. मी ते छत्रीत टाकले. हो, छत्रीत. तू हसतो आहेस, हस. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, मी नववीच्या वर्गाच्या दाराशी छत्री उघडली आणि चाळीस मुलांसमोर माझ्या डोक्यावर तण पडले. कुणी हसले नाही (मी वर्गात हसू देत नाही, त्याचा हा तोटा, हसले असते तर बरे झाले असते). हर्षदा उठली, एकेक काडी गोळा केली, मोजली, म्हणाली, “एकोणीस,” आणि वहीत लिहायला लागली. “किती मिनिटं, बाई?” मी म्हटले, अठरा. तिथे खोटे बोलायचे मला सुचले होते, पण काड्या तिच्या हातात होत्या.

तिने स्वतःलाही सोडले नाही. यादीत पहिले नाव तिचेच आहे. ‘मी. दोन मिनिटे. मोजता मोजता.’

पंचवीस दिवसांनी रोपे मोजली. ‘अ’ची सरासरी उंची चौदा सेंटिमीटर, ‘ब’ची साडेतेरा. म्हणजे राब भाजला काय, न भाजला काय, सारखेच. कमलेश सर खूश. मी पण खूश झाले, हे लपवत नाही; कॉलेजात शिकले ते हेच, आणि तुझ्या घडीपत्रिकेतही हेच. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी तक्ता केला तेव्हा ‘निष्कर्ष: राबाची आवश्यकता नाही’ ही ओळ मी माझ्या अक्षरात लिहिली, माझे अक्षर चांगले म्हणून. छत्रीतले गवत ठाऊक असताना लिहिली. जव्हारला परीक्षकांपुढे हर्षदाने सांगायचा प्रयत्न केला की ‘ब’चे तण लोकांनी काढले होते, पण कमलेश सरांना नेमका तेव्हा खोकला आला. दुसरा क्रमांक आला, प्रकल्प जिल्ह्याला निवडला गेला, आणि तू फोन करून म्हणालास की तो तक्ता मला नव्या घडीपत्रिकेत छापायचा आहे, पाच हजार प्रती, गावोगाव.

मी ही बातमी हर्षदाला आनंदाने सांगितली. तिने वही उघडली आणि यादीतली मिनिटे पुन्हा बेरजेला घेतली. सोमवारी तिने जिल्ह्यासाठीचे मनोगत आणून दिले, स्वतः लिहिलेले. तेही उतरवते:

‘माझा प्रयोग बिघडला. वाफा ब मधले तण बारा माणसांनी तीनशे चौपन्न मिनिटे काढले. म्हणून तो वाफा अ सारखा आला. त्यामुळे राब नको असे मी म्हणू शकत नाही. पण बिघडल्यामुळे एक गोष्ट मोजता आली. राब भाजायला एकशे दहा मिनिटे लागली. न भाजता तेवढेच रोप आणायला तीनशे चौपन्न. ज्यांच्या घरी तेवढी माणसे आहेत त्यांना राब नको. आमच्या घरी मी शाळेत असते, आई नाही, बा कामाला ठाण्याला जातो, आजी एकटी असते. आजीने विचारले, घरी पण राब भाजायचा नाही का, मग तण काढायला तुझ्या बाई येणार का. म्हणून पुढच्या वर्षी डहाळ्या न तोडता नुसत्या गवताचा राब करून बघायचा आहे. वाफे शाळेच्या मागे करणार आहे, जिथून कोणी जात नाही.’

मी हे दोनदा वाचले. मग संगणकातले माझे मनोगत उघडून वाचले. त्याबद्दल पुढे काही लिहीत नाही.

कमलेश सरांनी ठाम सांगितले, हे जाणार नाही. शाळेची इज्जत, त्यात मुख्याध्यापकांचे नाव, आणि निष्कर्षच उलटा. हर्षदा म्हणाली, मग प्रकल्पच नका पाठवू. तिला बोलता येते तेवढेच बोलली आणि उभी राहिली. मी मध्ये पडले. शेवटी सरांनी युक्ती काढली: यादीतल्या प्रत्येकाने नावापुढे सही करून ‘हे खरे आहे’ असे लिहून दिले तरच वही पाठवीन, एक जरी राहिली तरी छापील मनोगत जाईल आणि जुना निष्कर्ष राहील. त्यांना वाटले, कोण कशाला सही करतो? मुलगी वही घेऊन निघाली. सपनाने भात ढवळता ढवळता सही केली. आजीने अंगठा दिला आणि मिनिटे कमी लिहिलीत म्हणून भांडली. ड्रायव्हरने गाडी सुरू ठेवून स्टिअरिंगवर वही टेकून सही केली. माझी झाली, पंढरीची झाली, पुंजाने तर विचारले की याची एक प्रत मला मिळेल का, मी आवार स्वच्छ ठेवतो याचा पुरावा म्हणून. शुक्रवारी सगळी शाळा व्हरांड्यात उभी असताना हर्षदाने वही कमलेश सरांपुढे धरली. त्यांनी चष्मा शोधला. चष्मा डोळ्यांवरच होता. सही केली.

बारापैकी अकरा झाल्या. गुरुवारी पालघरला नोंदणी आहे. पंढरी मंगळवारी कामासाठी तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर वही आणि सामान पाठवते. नोंदणीच्या टेबलावर पोचवायचे काम तुझे. बाकी ठीक आहे. वेळेवर जेव.

तुझी ताई

ता. क. १: बारावे नाव तुझे आहे. वहीचे पान ५९. जूनच्या शेवटच्या रविवारी तू मला भेटायला आलास, फोनला रेंज फक्त वाफ्यांपाशी मिळते म्हणून तिथे गेलास, बोलता बोलता उकिडवा बसलास आणि बावीस मिनिटे डाव्या हाताने तण काढलेस. हर्षदा हातपंपाशी होती. तू फोनवर ‘राबमुक्त गाव’ योजनेच्या बैठकीबद्दल बोलत होतास, हेही तिने लिहिले होते. ते मी खोडायला लावले, भाऊ म्हणून.

ता. क. २: तू जिल्ह्याचा परीक्षक आहेस हे मला माहीत आहे. मी शिफारस करत नाही. उलट सही केलीस की या प्रकल्पाला तुला गुण देता येणार नाहीत. ते काम दुसऱ्याकडे सोपव आणि का सोपवतोस ते त्यांना सांग. घडीपत्रिकेचा तक्ता थांबव. छापून झाला असेल तर तसे कळव, मी स्वतः येते.

ता. क. ३: सही करायची नसेल तर नको करूस, जबरदस्ती नाही. फक्त मग वही पंढरीकडे परत देऊ नकोस. तू स्वतः घेऊन ये आणि तिच्या हातात दे. ती पहिल्या बाकावर बसते हल्ली.

पंढरीच्या हाती दिले ते असे:

प्रकल्पवही एक, पाने चौसष्ट, पान ५९ वर खुणेचा दोरा.
तक्ता एक, गुंडाळलेला. निष्कर्षाची जुनी ओळ मी कागद चिकटवून झाकली आहे; नवी हर्षदाच्या अक्षरात.
बांबूची चौकट एक.
नागलीचे लाडू वीस, वर्षासाठी. तुला त्यातला एकही नाही, आकडा कळेपर्यंत.
निळे पेन एक. दोनदा लिहून पाहिले, चालते.
शाईचा पॅड एक, पेन चालले नाही असे सांगायचे मनात आले तर.

वस्तू मोजून मिळाल्या: ________________ (इथे केलेली सही पान ५९ ला चालत नाही.)